मामांची डावी बाजू

खरातमामा गाडीत बसण्याआधी चपला काढायचे. दार उघडायचं, चपला काढून मॅटच्या कडेला जोडीने ठेवायच्या आणि मग अनवाणी पाय आपल्या बाजूच्या दोन पेडलांवर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मलाही चपला काढायला लावल्या. मी चव्वेचाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. अनोळखी माणसाशेजारी असं अनवाणी बसताना मला अवघडल्यासारखं झालं. त्यांनी ते ओळखलं असावं.

"पायाला कळाय पायजे ताई," ते समोर बघतच म्हणाले. "डोक्याला मागून कळलं तरी चालतं."

शिकायची पाळी माझ्या बदलीने आणली. नवी शाळा चितेगावच्या पुढं, पैठण रोडपासून आत चार किलोमीटर. बसने फाट्यापर्यंत जाता यायचं, पुढं जे मिळेल ते. घरी जुनी मारुती होती, पण ती माझ्या नवऱ्याच्या, सतीशच्या हातातली. तो वाळूजला कंपनीत, शिफ्टवर. त्याने दोन रविवार मला शिकवून पाहिलं. दुसऱ्या रविवारी मी भर चौकात गाडीतून उतरले आणि रिक्षा करून घरी आले. तो अर्ध्या तासाने आला आणि त्याने तौफिकभाईंचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

तौफिकभाईंचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे बीड बायपासला एक गाळा, दोन गाड्या आणि खरातमामा. दुसऱ्या गाडीवरची माणसं सारखी बदलायची. मामा मात्र बारा-तेरा वर्षांपासूनचे. उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे, साठीच्या जवळ आलेले. पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात कायम फुटाणे. आवाज न करता गिअर पडला की ते न बोलता दोन फुटाणे आपल्यापुढं धरायचे. करकरला की फुटाणे ते स्वतः खायचे. चाळिशीतली बाई मी, पण त्या दोन फुटाण्यांसाठी मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाय हलवून सराव करत होते, हे आज सांगायला हरकत नाही.

ते शेंद्र्याच्या बाजूचे. घराणं मेंढरांचं. वडील कळप घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असायचे. पुढं त्या भागात कंपन्या आल्या, चराईची रानं कुंपणात गेली. भावाने थोडी मेंढरं राखली, आणि हे गाडीकडं वळले. आधी फर्दापूरला लेणी बघायला आलेल्या लोकांची जीप चालवली, मग एका कंपनीची बस. हे सगळं मला एका बैठकीत कधी कळलं नाही. गाडी शिकवताना मध्येच एखादं वाक्य यायचं, आणि पुढच्या वळणावर ते विसरून जायचे.

क्लच सोडायला शिकवताना मात्र ते न चुकता मेंढरांकडं जायचे. "नुकतं जन्मलेलं कोकरू जमिनीवर कसं ठेवताव आपण? टाकीत नाय. त्येचे पाय टेकले का बघायचं, अन् मंग हात काढायचा. तसा सोडायचा क्लच." मी आयुष्यात कोकरू हातात घेतलेलं नव्हतं. तरी त्यांनी हाताने ते असं दाखवलं, की माझ्या डाव्या पायाला ते वजन कळलं.

"चुकलं" हा शब्द त्यांच्याकडं नव्हता. ते फक्त "पुन्हा" म्हणायचे. आणि आम्ही "सॉरी" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "गाडीला सॉरी कळत नाय, ताई. तिला पाय कळतो."

आमची तिघींची बॅच होती. एकीने चालवायचं, दोघींनी मागं बसून बघायचं. त्यातली एक बी. फार्म.ची मुलगी होती आणि तिचे वडील पहिले काही दिवस मागच्या सीटवर तिसरे म्हणून येऊन बसायचे. ती गाडी सुरू करायच्या आतच ते सुरू व्हायचे. हळू, अगं हळू, आरसा बघ, तुला सांगितलं होतं की नाही. पोरीच्या हाताला घाम सुटायचा. मामांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी रिकाम्या प्लॉटवर गाडी उभी केली, मागं वळून अगदी आदराने म्हणाले, साहेब, जरा तुम्हीच एकदा दाखवा म्हणजे पोरीला नीट समजेल. साहेब पुढं येऊन बसले. त्यांच्याकडं गाडी होती ती गिअर नसलेली, हे मामांना पोरीने आधीच सांगितलेलं होतं. गाडी तीनदा गचका खाऊन बंद पडली. मामा खिडकीतून बाहेर बघत शांतपणे म्हणाले, "पुन्हा." चौथ्यांदाही बंद पडली तेव्हा साहेबांनी कपाळ पुसलं आणि उतरले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. पोर आठवड्याभरात तिसऱ्या गिअरमध्ये चालवायला लागली.

माझी गाडी बंद पडली ती संग्रामनगरच्या उड्डाणपुलावर, चढावर, संध्याकाळच्या गर्दीत. मागं हॉर्नचा नुसता गिल्ला. एक रिक्षावाला बाजूने जाताना काहीतरी बोलून गेला. मामांनी हँडब्रेक ओढला, खिशात हात घातला आणि फुटाणे माझ्यापुढं धरले. मी म्हटलं, मामा, लोक ओरडताहेत. ते म्हणाले, आधी खा. मी चढावर, शंभर गाड्या मागं तुंबलेल्या असताना, दोन फुटाणे चावले.

"हे जे हॉर्न वाजवायलेत ना," मामा म्हणाले, "ह्यांची बी गाडी कुठंतरी बंद पडली आसंल. इसरले ते. तुमी इसरू नका, बास. आता घाला पहिला."

गाडी चढली. आजही त्या पुलावर कोणाची गाडी बंद पडलेली दिसली, तर मी हॉर्न वाजवत नाही. माझ्यात मामांचं काही उरलं असेल, तर ते एवढंच.

महिना संपला तरी माझा हात बसेना, म्हणून मी आणखी महिनाभर लावलं. याच दुसऱ्या महिन्यात त्यांनी एक नवी पद्धत सुरू केली. चालवताना जे दिसेल ते मोठ्याने बोलत जायचं. पुढं गतिरोधक. उजवीकडं रिक्षा. डावीकडं शाळकरी मुलं, सायकलवर. काही नसेल तर "डावीकडं मोकळं" म्हणायचं, पण गप्प बसायचं नाही. तौफिकभाईंना ही पद्धत फार आवडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने सांगायचे, की बोलत चालवलं की ध्यान राहतं, हमारे मामा का दिमाग है. मलाही ती शिक्षक म्हणून पटली. वर्गात मुलांना पाढे मोठ्याने म्हणायला लावतो, तसंच हे, असं मी घरी सतीशला सांगितलं.

त्याच दिवसांत मामांच्या हातून फुटाणे सांडायला लागले होते. मान थोडी वळवायच्या ऐवजी ते खांद्यासकट अख्खे वळायचे. दाराची कडी चाचपायचे. मी हे सगळं पाहत होते, पण त्याची मोट बांधली नव्हती.

ती एका सकाळी आपोआप बांधली गेली. बॅचमधल्या बाकी दोघी आलेल्या नव्हत्या. देवळाईच्या बाजूला मी एका गल्लीत डावीकडं वळत होते. शाळेत निकालपत्रकं चालू होती, माझं डोकं तिकडं. सवयीने तोंड चालू होतं: पुढं मोकळं, डावीकडं मोकळं. डावीकडं मोकळं नव्हतं. उसाच्या रसाची हातगाडी होती आणि तिच्या दांडीला टेकून एक म्हातारा उभा होता. मला दिसला तेव्हा हातभर अंतर उरलं होतं. मी दोन्ही पाय जीव खाऊन दाबले. गाडी थांबली. म्हाताऱ्याने आमच्याकडं बघून हात उडवला आणि पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं.

मामांचा पाय हलला नव्हता. हातगाडी त्यांच्याच खिडकीला लागून होती, काच उघडली असती तर हात लागला असता. ते शांतपणे समोर बघत होते.

"का थांबलात, ताई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मामा, हातगाडी."

ते खांद्यासकट वळले. हातगाडी बघितली, माणूस बघितला. "व्हय," ते म्हणाले. "हाय की." आणि खिशातला रुमाल काढून खिडकीची काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती.

मग मी पुन्हा पहिला घातला. मी गाडी परत आणेपर्यंत मोठ्याने सांगत राहिले, डावीकडं हे, डावीकडं ते, एकही गोष्ट न चुकवता. ते प्रत्येक वेळी मान हलवत होते. ती पद्धत आमच्यासाठी नव्हती, त्यांच्यासाठी होती, हे मला त्या दहा मिनिटांत कळलं.

घरी सतीशला सांगितलं. तो म्हणाला, सांग की त्यांना, डोळे दाखवा म्हणून, त्यात काय एवढं. मी म्हटलं, सांगते, पण माझी आरटीओची ट्रायल आठ दिवसांवर आहे. आत्ता सांगितलं आणि ते यायचेच थांबले, तर मला ऐन वेळी दुसरा कोण शिकवणार? ट्रायल झाली की सांगते. हे वाक्य मी बोलले तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शाळेला वेळेवर पोचायचं होतं, बसच्या धक्क्यांना कंटाळले होते. माझी गरज मला खरी वाटत होती. मामांचे डोळे आठ दिवसांत काय मोठे पळून जाणार होते?

ट्रायल पास झाले. पेढे घेऊन गाळ्यावर गेले. मामांनी एक खाल्ला आणि एक घरच्या माणसासाठी रुमालात बांधला. तौफिकभाई फोनवर होते, आम्ही दोघंच बाहेर उभे होतो. मी म्हटलं, "मामा, एक सांगायचं होतं." ते थांबले. माझ्याकडं बघत राहिले, जरा जास्तच वेळ. आणि मला एकदम वाटलं, माझ्या आनंदाच्या दिवशी या माणसाचं काम काढून घ्यायचं का? मी म्हटलं, तुमच्यामुळं झालं सगळं. त्यांनी मान खाली घातली. "तुमचे पाय चांगलेत," ते म्हणाले.

पुढं सहा महिने मी रोज पैठण रोडने गाडी चालवत शाळेत गेले. एकदा सिग्नलला स्कूलची गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. मी त्यांच्या डाव्या हाताला होते. मामा समोर बघत बसलेले, आणि स्टिअरिंगवर एक नवखी बाई. मी काच खाली करून हाक मारली, हात हलवला. आमच्यात चार हातांचंही अंतर नव्हतं. त्यांना ना दिसलं, ना त्या गोंगाटात ऐकू आलं. सिग्नल सुटला. संध्याकाळी फोन करू, असं मी ठरवलं. संध्याकाळी भाजी, स्वयंपाक, मुलाचा क्लास. फोन राहिला.

मग एक दिवस तौफिकभाईंचाच फोन आला. जरा गाळ्यावर येऊन जा म्हणाले. गेले तर मामा नव्हते. तौफिकभाईंचा चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी एका कॉलेजच्या मुलीकडून, मामांच्या बाजूने, एका सायकलवाल्याला धडक बसली होती. हाताचं हाड मोडलं होतं, जिवावरचं निभावलं. मुलगी अबोल होती. मोठ्याने बोल म्हणून कितीही सांगितलं तरी तिच्या तोंडून शब्द निघत नसे. मामा फक्त एवढंच म्हणत होते, की पोरीची नाही, माझी चूक आहे. त्याच्यापुढं एक अक्षर नाही.

तौफिकभाईंनी माझ्यापुढं चहा ठेवला. म्हणाले, "मॅडम, मामा मेरेकू बडे भाई के जैसे हैं. पन सच बोलो. उनकू दिखता नहीं क्या?"

मी सगळं सांगितलं. हातगाडीसकट.

तौफिकभाईंनी हळूच विचारलं, "तुमकू तब से मालूम था?"

मी हो म्हटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चहाचा कप माझ्याकडं आणखी जरा सरकवला.

मामांचं काम दुसऱ्या दिवशी बंद झालं. दुसरं काही होणं शक्यच नव्हतं, हे मी आजही मानते. मी खरं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते हे, की ते खरं मी त्यांच्या तोंडावर आणि वेळेवर बोलायला हवं होतं. मी ते त्यांच्या पाठीमागं बोलले, आणि तेही कुणाचा हात मोडल्यावर.

चार महिने मी त्यांच्याकडं गेले नाही. कुठल्या तोंडाने जायचं, हा प्रश्न होता. शेवटी सतीशनेच तौफिकभाईंकडून पत्ता आणला आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

शेंद्र्याच्या अलीकडं, एका कंपनीच्या लांबलचक भिंतीमागं दोन खोल्यांचं घर, पुढं मोकळं अंगण. मामी दारात लसूण सोलत होत्या. मामा बाजेवर बसले होते. मी नाव सांगायच्या आत त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, मामींना चहा ठेवायला सांगितलं आणि माझ्या शाळेची चौकशी केली. जणू मी गेल्या आठवड्यात येऊन गेले होते. डोळ्यांचं मी विचारलं, तर म्हणाले, तसं दिसतंय की, समोरचं दिसतं. दवाखान्यात? एकदा गेलो होतो, चष्म्याच्या दुकानात, त्याने नंबर काढून दिला.

पुढच्या शनिवारी मी दोघांना घेऊन शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. तीन-चार तास तपासण्या चालल्या. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की यात नजर कडेकडेने जाते, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस अंगावर काढतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखायची. उजव्या डोळ्यात थोडी होती, डाव्यात जवळपास नाही. मामा बाहेर बाकावर बसल्यावर मी पुन्हा आत गेले आणि विचारलं, वर्षभर आधी आणलं असतं तर?

डॉक्टर औषधं लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "तर बरंच वाचलं असतं."

परत येताना मामी मागच्या सीटवर झोपल्या. जालना रोडला गर्दी होती. चिकलठाणा मागं पडलं तेव्हा मी बोलले. म्हटलं, "मामा, त्या हातगाडीच्या दिवशी मला कळलं होतं. मी बोलले नाही."

ते म्हणाले, "मला बी म्हाईत व्हतं, का तुमाला कळलंय म्हनून."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. मी वेग कमी केला.

"रोज वाटायचं, आज ताई बोलतील," ते म्हणाले. "बोलल्या आसत्या तं गेलो आसतो दवाखान्यात. आपल्या आपन जायाची भीती वाटायची. गेलं अन् डाक्टरनं सांगितलं, का आता गाडी बंद, तं करायचं काय? दुसऱ्या कुनी ढकललं तं मानूस जातो. पेढे घेऊन आल्या, तवा म्हनलं आता बोलतील. तुमी थांबल्या. अन् खरं सांगू का? मला बरंच वाटलं. चला, आजचा दिस गेला."

मी काहीतरी म्हणायला गेले. त्यांनी हात वर केला. "तुमचं एकटीचं नाय त्यात. अर्धं माझं हाय. त्या सायकलवाल्याचं तं समदं माझंच."

ती आमची शेवटची भेट ठरली. महिन्या-दीड महिन्याने मी थेंबांच्या बाटल्या घेऊन गेले, तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, मामांच्या मुलाला चाकणला नोकरी लागली, तो दोघांना घेऊन गेला. मामांचा फोन लागत नाही. तौफिकभाईंकडंही नवा नंबर नाही.

त्या शनिवारी दवाखान्यातून येऊन मामांच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. मामी जाग्या झाल्या, औषधांची पिशवी घेऊन आत गेल्या. मला गाडी वळवून निघायचं होतं. अंगण मोठं नव्हतं, एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला कंपनीची भिंत. मी रिव्हर्स घालणार, एवढ्यात मामा म्हणाले, थांबा, मी बघतो मागं. मी नको म्हणणार होते. पण ते उतरलेसुद्धा होते. एक हात गाडीच्या अंगावरून फिरवत ते मागं गेले आणि भिंतीच्या बाजूला, चाकांच्या रस्त्यातून नीट बाजूला सरकून उभे राहिले.

"येऊ द्या," त्यांचा आवाज आला. "येऊ द्या, येऊ द्या. अजून. बास."

आरशात मला दिसत होतं, की मागं अजून सात-आठ फूट जागा आहे. मी थांबले. पुढं घेतली. पुन्हा मागं आणली, पुन्हा त्यांनी "बास" म्हटलं, पुन्हा मी थांबले. एका फेरीत वळली असती ती गाडी मी चार फेऱ्यांत वळवली. शेवटी तोंड रस्त्याकडं झालं, तेव्हा त्यांनी डिकीवर दोनदा थाप मारली, म्हणजे निघा.

मी आरशात पाहिलं. मामा हात वर करून उभे होते, मला निरोप देत. पण त्यांचं तोंड माझ्या गाडीकडं नव्हतं. जरा बाजूला, भिंतीकडं होतं.